हजार घरांना शंभर एमबीपीएस, मग वर दोनच जीबीपीएस का?

पेण असो वा रोहा, रात्री नऊला व्हिडिओ अडकला की आरोप ठरलेला: ‘केबलवाल्याने हजार घरांना १०० एमबीपीएसचे प्लॅन विकले, म्हणजे १०० जीबीपीएस हवेत, घेतलेत जेमतेम दोन. उघड लूट!’ गुणाकार बरोबर, निष्कर्ष साफ चूक. १०० हा तुमच्या जोडणीचा कमाल वेग आहे. तुमच्या नावाने राखून ठेवलेला साठा नव्हे. फुल एचडी चित्रपटाला नेटफ्लिक्सच्याच शिफारशीनुसार ५ एमबीपीएस पुरतात. ३०० घरांत तो एकाच वेळी चालू असला तर लागतात दीड जीबीपीएस, अन् हजारही घरांनी लावला तर पाच. मोठी फाइल उतरवणारा पूर्ण वेग खेचतो, कबूल. पण १ जीबीची फाइल ८० सेकंदांत उतरते आणि वाट मोकळी होते. गावच्या रोहित्राची क्षमताही सगळ्या घरांच्या मंजूर भारांची बेरीज करून कोणी ठरवत नाही. ही चोरवाटही नाही: दूरसंचार नियामक ट्रायच्या २००९च्या सूचनांत घरगुती ग्राहकांसाठी १:५० आणि व्यावसायिकांसाठी १:३० असे वाटपाचे प्रमाण दिलेले आहे. म्हणजे १०० जीबीपीएस भागिले ५०, तेच हे दोन. वाटणी तर तुमच्या आळीतच सुरू होते. नेहमीच्या जीपॉन फायबरचे अडीच जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत विभागले जातात.

यावर हमखास प्रश्न येतो, क्रिकेटचे काय? २०२३च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. अशा रात्री सरासरी कोलमडते, हे मान्यच. कंपनीच्या जाळ्यात कॅश सर्व्हर (व्हिडिओची प्रत जवळच साठवणारा संगणक) असेल तर बाहेरून घ्यावी लागणारी बँडविड्थ फारशी वाढत नाही. मात्र तो मुंबईत असेल तर मुंबई ते रोहा ही वाट भरतेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १:५० हे गणित मोठ्या संख्येवरच चालते. एखाद्या वाडीत २० ग्राहक असलेल्या केबलवाल्याने ते लावले, तर सगळ्यांच्या मिळून वाट्याला ४० एमबीपीएस येतात, म्हणजे एकालाही कबूल केलेला वेग मिळणार नाही. तिथे चिडायला पूर्ण जागा आहे. तशीच ती भरलेल्या वाटेवरही आहे: ट्रायच्या २००६च्या नियमांनी गर्दीच्या वेळी वापर ८० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितले होते आणि ९० टक्क्यांपुढे ती वाट तुंबलेली धरली होती.

बाकीचे गैरसमज किरकोळ. १०० एमबीपीएसवर सेकंदाला १२.५ मेगाबाइटच उतरतात, कारण आठ बिट्सचा एक बाइट. आतल्या खोलीतला रडका वाय-फाय हा भिंतींचा प्रताप. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटणे म्हणजे बँडविड्थची टंचाई नव्हे.

तेव्हा ‘एकूण किती घेतलीत?’ हे विचारू नका. राउटरला लॅन केबल जोडून रात्री नऊला वेग मोजा, आणि कमी भरला तर कंपनीला त्याच वेळचा वाटेवरचा वापर किती टक्के होता, ते लेखी मागा.