जनरेटर सुरू होतो, पण लोड येताच बंद पडतो? आधी डिझेलची वाट तपासा

माण (ता. मुळशी) : जुलै २०२५ मध्ये महापारेषणच्या २२० केव्ही भूमिगत वाहिनीत बिघाड झाला आणि हिंजवडी, माण व आसपासच्या गावांतील हजारो ग्राहकांची वीज गेली. आयटी पार्कलगतच्या उंच सोसायट्यांत अशा वेळी लिफ्ट आणि पाण्याचे पंप जनरेटरच्याच भरवशावर असतात. तो पाच मिनिटे धडधडून गप्प झाला की मोठ्या खर्चाची धास्ती बसते. मात्र अनेकदा इंजिन ठणठणीत असते, त्याच्यापर्यंत डिझेलच पुरेसे पोहोचत नसते.

‘शनिवारी तर चालला होता!’

बहुतेक सोसायट्यांत आठवड्यातून एकदा जनरेटर दहा मिनिटे रिकामा चालवून रजिस्टरमध्ये ‘ओके’ लिहिले जाते. घोळ इथेच आहे. १२५ केव्हीएचा संच पूर्ण लोडवर तासाला साधारण २५ लिटर डिझेल पितो. लोड नसताना त्याच्या थोड्याच हिश्श्यावर भागते. त्यामुळे अर्धा तुंबलेला फिल्टर शनिवारच्या चाचणीत सहज पास होतो. खरी वीज गेली, दोन लिफ्ट आणि पंप एकदम लागले की इंजिनाचा आवाज चढउतार करू लागतो, दिवे मिचमिचतात आणि संच बंद पडतो. महिन्यातून एकदा तरी लिफ्ट व पंप जोडून अर्धा तास चालवल्याशिवाय ‘ओके’ला अर्थ नाही.

सुरुवात टाकीपासून

काट्यावर विसंबू नका, पट्टी घालून डिझेल मोजा. ओढणाऱ्या नळीचे तोंड टाकीच्या तळापासून थोडे वर असते, त्यामुळे ‘थोडे आहे’ म्हणजे ‘मिळेल’ असे नाही. काही मोटरहोममध्ये तर गाडीच्या टाकीतून जनरेटरला जाणारी नळी मुद्दाम पाव टाकीच्या पातळीवर ठेवतात. डिझेल तिथवर उतरले की जनरेटर बंद होतो, पण घरी परतण्यापुरते इंधन गाडीला उरते. तिथे बिघाड शोधत बसण्यापेक्षा पंप गाठलेला बरा.

मग झाकण पाहा. त्यातले हवेचे बारीक छिद्र धुळीने बुजले, तर टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल ओढले जात नाही. माणमध्ये बांधकामांची धूळ काही कमी नाही. झाकण सैल केल्यावर संच नीट चालू लागला, तर दोष सापडला.

मोठ्या खंडात आणखी एक गोष्ट घडते. टाकी तळाला जाते, सुरक्षारक्षक कॅनमधून डिझेल आणून भराभर ओततो आणि तळाचा गाळ ढवळून निघतो. तोच फिल्टरमध्ये जातो. स्वच्छ कॅन आणि जाळीचे नरसाळे एवढ्यावर हे बरेचसे टळते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी आतून दमट होऊन पाणीही साठते. फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरचा नट सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्या. पाणी असेल तर ते खाली वेगळे दिसते.

‘एअर धरली’ म्हणजे काय?

टाकी पूर्ण संपली, फिल्टर बदलला किंवा पाइपचा क्लिप ढिला झाला की वाहिनीत हवा शिरते. डिझेल पुढे ढकलण्याऐवजी पंप हवाच दाबत बसतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या संचात स्टार्टर फिरतो, पण सायलेन्सरमधून धूर येत नाही, ही त्याची ओळखीची खूण. फिल्टरवरचा एअर स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा भरली, तर टाकी ते पंप यादरम्यान गळती आहे. तिथे डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही, कारण पाइप ओढीखाली असतो. तो हवा आत घेतो.

हवा नाही, फिल्टर नवा, तरीही धूर नाही? मग डिझेल अडवणारा सोलेनॉइड तपासायला हवा. बॅटरी उतरली, वायर सैल झाली किंवा लाल इमर्जन्सी बटण दाबलेले राहिले, तर तो उघडतच नाही.

हात घालण्यापूर्वी

पॅनल ‘ऑटो’वर असेल तर वीज जाताच संच आपोआप सुरू होतो, अगदी हात आत असतानाही. म्हणून तो ‘ऑफ’ करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हवा काढल्यावर ती पुन्हा जोडायची. इंजिन गार होऊ द्या. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नका.

१ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या नव्या संचांना सीपीसीबी-४ प्लस निकष लागू आहेत. अशा अनेक संचांत इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल यंत्रणा असते. तिच्यातला दाब हजार बारच्याही वर जातो आणि निसटलेली डिझेलची धार कातडी भेदते. तिथे सोसायटीच्या माणसाने वॉटर सेपरेटरपर्यंतच थांबावे. इंजेक्टरच्या पाइपचे नट कंपनीच्या तंत्रज्ञानेच उघडावेत.