पाणी हिरवं झालं? आधी मोजा, मग पावडर

उन्हाळा लागला की वस्तीतल्या आमच्या आरोग्य बैठकीत एक तक्रार हमखास येते. "ह्यांना रात्रभर खोकला येतो, डोळे लाल होतात." चौकशी केली की कळतं, दादा कुठल्यातरी सोसायटीच्या नाहीतर क्लबच्या स्विमिंग पूलवर कामाला आहेत. पाणी हिरवं झालं, सुपरवायझर ओरडला, म्हणून दादांनी डबाभर पावडर ओतली. तरी हिरवंच, म्हणून वर ॲसिड. पोहणारे दुसरे आणि वास छातीत घेणारे आपण!

म्हणून आज या कामाबद्दल बोलू.

पाणी बहुतेक वेळा शेवाळामुळे हिरवं होतं. कडक उन्हात क्लोरिन उडून जातो आणि शेवाळ वाढतं. पण क्लोरिन असूनही पाणी हिरवं होऊ शकतं. कारण पीएच. पाणी आंबटपणाकडे झुकलंय की सोड्याकडे, हे पीएच सांगतो. पीएच ७.२ असेल तर क्लोरिनचा सुमारे दोन तृतीयांश भाग जोमाने काम करतो. तोच ८ झाला की जेमतेम पाव भाग उरतो. मग कितीही पावडर ओता, पैसे आणि फुफ्फुसं दोन्ही वाया.

नुसत्या एका आकड्यावर विसंबणंही बरं नाही. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये डायव्हिंगचा तलाव जगासमोर हिरवा झाला. पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं गेलं होतं. त्याने क्लोरिन निकामी केला. यंत्र मात्र क्लोरिन ठीक आहे असंच दाखवत राहिलं, असं आयोजकांनीच नंतर सांगितलं.

तेव्हा क्रम असा ठेवा.

१. पाण्याचा नमुना कोपरभर खोलीतून घ्या, नळाच्या तोंडाजवळचा नको. फ्री क्लोरिन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.६ हवा. पिवळा रंग देणारे ओटी थेंब एकूण क्लोरिन दाखवतात, फ्री क्लोरिन वेगळा दाखवत नाहीत. त्यासाठी गुलाबी रंग देणारी डीपीडी किट मागा. तपासलेलं पाणी पूलमध्ये परत ओतू नका.

२. टीसीसीए गोळ्या वर्षानुवर्षं वापरल्या की पाण्यात सायन्युरिक ॲसिड साठतं. ३० ते ५० पीपीएम ठीक. शंभरच्या वर गेलं की क्लोरिन मंदावतो. तेव्हा थोडं पाणी काढून ताजं भरणं हाच उपाय.

३. पाणी हिरवं पण आरपार स्वच्छ दिसतंय? मग ते शेवाळ नसून तांबं किंवा बोअरच्या पाण्यातलं लोह असू शकतं. तिथे पावडर वाढवून रंग जाणार नाही.

४. शेवाळच असेल तर आधी पीएच खाली आणा. भिंती ब्रशने घासा. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर क्लोरिन द्या. हिशेब सोपा आहे : लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये गुणा, त्याला हजाराने गुणा, लिटर मिळतात. एक लाख लिटरला १ पीपीएम वाढवायला सुमारे ३३ टक्क्यांची टीसीएल पावडर ३०० ग्रॅम लागते. १० पीपीएमसाठी ३ किलो. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवा, मधूनमधून बॅकवॉश करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

५. तळ स्वच्छ दिसेपर्यंत आणि क्लोरिन ३ वर येईपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. हिरव्या पाण्यात बुडणारं मूल वरून दिसत नाही.

आता जिवाची गोष्ट. टीसीएल आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, एका बादलीतही नाही. त्यातून क्लोरिन वायू निघतो. दोन्ही देताना मध्ये काही तास जाऊ द्या. टीसीएल आणि टीसीसीए एका डब्यात मिसळले तर आग लागू शकते. नेहमी पाण्यात पावडर टाका, पावडरवर पाणी नको. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही. वास लागलाच तर आधी मोकळ्या हवेत पळा. डोळे वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, कपडे बदला. धाप लागली, छाती आवळली तर घरी बसू नका, थेट दवाखाना गाठा. कधी कधी त्रास काही तासांनी वाढतो, हे आम्ही वॉर्डात पाहिलं आहे.

तायांनो, दादा कामावर निघाले की एवढं विचारा : किट आहे का? हातमोजे, चष्मा आणि वायू अडवणारा मास्क मिळाला का? हे मालकाने द्यायचं असतं, त्यात उपकार नाहीत. एकट्याने मागायला जड जात असेल तर चौघांनी मिळून मागा. आणि रोजचे आकडे वहीत लिहून ठेवा. उद्या कुणी "तूच जास्त टाकलंस" म्हणालं, तर दाखवायला वही हातात असेल.