दिसावे, पण दिपवू नये

शिवडीच्या गोदामांतून ट्रेलर निघतात आणि त्यांच्यामधून वाट काढीत मोटरसायकलवाला जातो. २०२४ च्या जानेवारीत येथूनच अटल सेतू सुरू झाला. पण त्यावर दुचाकींना मज्जाव! तेव्हा खालच्या रस्त्यावर अवजड गाड्यांचीच सोबत. आपण दिसावे म्हणून तो दिवा ‘अप्पर’वर ठेवतो. हेतू चांगला, परिणाम उलटा.

प्रखर झोताने समोरच्याच्या डोळ्यांतली बाहुली आकसते. झोत सरला तरी काही क्षण अंधारीच राहते. दिवा दिसतो, पण गाडी किती दूर, किती वेगात, हे उमगत नाही. आणि त्याच वेळी रस्ता ओलांडणारे आजोबा? ते तर ट्रेलरवाल्याला दिसतच नाहीत!

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, भर दुपारीसुद्धा. नजरेत भरायला ‘डिपर’चा तेवढा उजेड, स्वच्छ काच आणि अंगावर फिकट कपडे पुरेत. समोर ८ मीटरवरच्या माणसाचे डोळे दिपू नयेत, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियमही सांगतात.

वाचकहो, दिवाळीची पणती आपण उंबरठ्याशी ठेवतो. पाहुण्याच्या डोळ्यांपुढे धरीत नाही. रस्त्यावरही एवढेच तारतम्य हवे.