शिंदे : दरबारापासून कॅसेटपर्यंत

शिंदे हे आडनाव महाराष्ट्रात इतके पसरले आहे की त्यावरून माणसाची जात कळत नाही, गावही कळत नाही. तरी गेल्या दोनशे वर्षांत या आडनावाची माणसे गाण्याच्या दुनियेत कुठे होती हे पाहत गेले, की कलावंताचा पोशिंदा कसा बदलला ते उलगडते. एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेरचे शिंदे गाणाऱ्यांना पोसत होते. हद्दू-हस्सू खाँ यांची ख्यालगायकी त्यांच्याच दरबारात बहरली आणि पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात रुजवली. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, १९१८ साली, संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या प्रेरणेने ग्वाल्हेरला संगीत विद्यालयही निघाले. १९४८मध्ये संस्थान विलीन झाले आणि दरबाराचे छत्र गेले.

स्वातंत्र्यानंतर या आडनावाचा सर्वांत ओळखीचा सूर प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा. विठ्ठलाची भक्तिगीते आणि भीमगीते दोन्ही त्यांनी सारख्याच तळमळीने गायली. त्यांना पोसले ते आंबेडकर जयंतीच्या रात्री वस्तीत जमणाऱ्या श्रोत्यांनी आणि पदरचे पैसे मोडून कॅसेट घेणाऱ्या कष्टकऱ्यांनी. आनंद आणि मिलिंद या मुलांनी ऐंशीच्या दशकात ‘पोपट’च्या गाण्याने हा श्रोता कितीतरी वाढवला. नातू आदर्श यांचा आवाज ‘दुनियादारी’ (२०१३) या चित्रपटातून मल्टिप्लेक्समध्ये पोचला.

या दोन शिंद्यांचे नातेगोते नाही, मग त्यांना एका माळेत का ओवायचे, असे कुणी विचारेल. नाते नाही म्हणूनच तुलना बोलकी होते: ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे राज्य होते, प्रल्हाद शिंद्यांकडे फक्त गळा. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: कॅसेटच्या बाजाराने गाणे उथळ केले. काही गाणी उथळ होती, हे मान्यच. पण दरबारातही धन्याची आवड सांभाळावी लागे, आणि तिथे सामान्य माणसाला प्रवेश नव्हता. त्याला न परवडणारी मैफल श्रेष्ठ आणि त्याने स्वतः निवडलेले गाणे हलके, ही प्रतवारी मला अन्यायाची वाटते. प्रल्हाद शिंद्यांच्या खड्या, मोकळ्या आवाजफेकीचा अभ्यास ख्यालाच्या अभ्यासाइतक्याच बारकाईने व्हायला हवा.