पिकअपच्या भोकांना बूच मारू नका

मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावात पिकअप म्हणजे शेतीचंच अवजार. खरिपाआधी खताची पोती, दिवाळीच्या आसपास सोयाबीन, मग हळद, मधल्या काळात लग्नाचं वऱ्हाडही. अशी गाडी चार-पाच पावसाळ्यांत सडू लागली की "पत्राच हलका" असं म्हणून आपण मोकळे होतो. पत्र्याला दोष देण्याआधी पाणी कुठे अडतंय ते बघायला हवं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज दारांबद्दलचा आहे. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. तिथून पाणी आत शिरतं असं वाटून कित्येक जण त्यात एम-सील भरतात. खरं तर दाराच्या काचेजवळचं रबर पाणी पूर्णपणे अडवत नाही. काचेवरून ओघळलेलं थोडं पाणी दाराच्या पोकळीत उतरणारच, हे धरूनच दार घडवलेलं असतं आणि त्या भोकांतून ते बाहेर पडतं. भोक बुजलं की पाणी आतच साचतं आणि पत्रा आतून गंजतो. रंगावर फोड दिसेपर्यंत बरंचसं काम झालेलं असतं. तपासणी सोपी आहे. काच वर करा, बाहेरून तिच्यावर तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि खाली वाकून बघा. भोकातून थेंब पडायला हवेत. पडले नाहीत, तर प्लास्टिकच्या केबल टायने गाळ मोकळा करा. लोखंडी तारेने आतला रंग खरवडतो.

केबिनमधली मॅट ओली दिसली की समोरच्या काचेच्या रबरावर सिलिकॉन फासलं जातं. पुष्कळदा चोर तिथे नसतोच. वायपरखालच्या काळ्या जाळीच्या आत पन्हळ असते. गाडी कडुनिंबाखाली उभी राहते, मळणीचं कुटार उडून येतं आणि पन्हळीचं तोंड बंद होतं. तुंबलेलं पाणी ब्लोअरच्या वाटेने पायाशी उतरतं. हा कचरा हाताने काढा. जोराचा फवारा मारला तर तो आणखी आत जाऊन बसतो.

"हौदा पावसानेच धुऊन निघतो" हेही खरं नाही. पोटॅशच्या पोत्यातून सांडलेली पूड म्हणजे बहुतेक वेळा क्लोराईडचा क्षार. तो ओल धरतो आणि गंजाला वेग देतो. वर रबरी मॅट अंथरलेली असेल तर खालचा पत्रा दिवसचे दिवस ओलाच राहतो. खत उतरवलं की मॅट उचला, फाळका उघडा आणि हौदा धुऊन वाळवा. गाडी उभी करताना तोंड किंचित चढावर ठेवलं की पाणी फाळक्याकडे येतं. नवीन भोक पाडायचंच असेल तर आधी खाली ब्रेकचा पाइप, वायरिंग, डिझेलची टाकी नाही ना ते बघा, आणि भोकाच्या कडेला प्रायमर लावल्याशिवाय सोडू नका.

ताडपत्री सैल राहिली तर तिच्यावर डबकं होतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पाच सेंटीमीटर खोल पाणी म्हणजे 50 किलो वजन. मधोमध आडवा बांबू देऊन उतार केला की हा भार राहत नाही. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला 12 टक्के ओलाव्याची मर्यादा असते. 2024 च्या हंगामात ती 15 टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली होती. वाळवून आणलेला माल रस्त्यात भिजू देणं कुणालाच परवडणारं नाही.

आता प्लास्टिक. बंपर आणि मडगार्डची किनार पांढुरकी पडते ती काळ्या रंगामुळे नाही. त्यातली काजळी उलट अतिनील किरणांपासून संरक्षण देते. ऊन वर्षानुवर्षं लागून वरचा थर तुटत जातो. डिझेलचा बोळा फिरवला की तो काळाभोर दिसतो, पण थोड्याच दिवसांत त्यावर धूळ चिकटते, आणि डिझेल दाराच्या रबरी पट्टीला लागलं तर ती फुगून सैल होते. गरम हवेच्या बंदुकीने आणलेली चमकही टिकत नाही; जास्त तापलं तर भाग वाकतो. साध्या शाम्पूने धुऊन, वाळवून अतिनील संरक्षण देणारं ट्रिम कोटिंग लावा आणि ठरावीक काळाने पुन्हा लावा. तडा गेलेला भाग मात्र कोटिंगने सांधत नाही, तो बदलावाच लागतो.

हेडलाइटला थिनर कधीच लावू नका. ती काच नसून पॉलिकार्बोनेट असतं आणि थिनरने त्यात बारीक भेगा पडतात. टूथपेस्टने घासून पिवळेपणा जातो, पण वरचं संरक्षक आवरण झिजलेलं असल्याने तो लवकर परततो. घासल्यावर अतिनील लॅकर मारून घेतलं तरच त्या कामाचा उपयोग.