सायकलच्या हँडलवरचे गणित

शेलूवरून नेरळ-कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर हल्ली बारीक टायरच्या वेगवान सायकली दिसतात. काहींच्या हँडलवर आगपेटीएवढे एक यंत्र असते. हाच सायकल-कॉम्प्युटर. तो काय करतो आणि आपण कोणता घ्यावा, एवढेच आज पाहू.

साधे यंत्र दोनच गोष्टी जाणते : चाकाचे फेरे आणि वेळ. पुढच्या चाकाच्या तारेला छोटा चुंबक असतो आणि चिमट्याला त्याची चाहूल घेणारा सेन्सर. चुंबक समोरून गेला की एक फेरा झाला. फेऱ्यांना परिघाने गुणलं की अंतर. अंतराला वेळेने भागलं की वेग.

परीघ मात्र आपणच सांगायचा, आणि घोळ होतो तो इथेच. टायरवर 700×25 असे छापलेले असते. कुणी 700 मिलिमीटर हाच व्यास धरला, तर परीघ येतो 2,199. वास्तविक रिमचा व्यास 622. दोन्ही बाजूंचे पंचवीस-पंचवीस मिळवले की 672, आणि परीघ सुमारे 2,111. म्हणजे पहिल्या आकड्याने शंभर किलोमीटरला चार किलोमीटर फुकटचे! याहून चांगले म्हणजे प्रत्यक्ष मोजावे. टायरमध्ये हवा भरून व्हॉल्व्ह खाली आणावा, जमिनीवर खडूने खूण करावी, स्वार बसवून सायकल एक फेरा सरळ ढकलावी आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजावे. वर्तुळाचा परीघ शिकवताना गुरुजींनी हा प्रयोग शाळेच्या अंगणात जरूर करावा.

दुसरा प्रकार उपग्रहांच्या संदेशांवर चालतो. त्याला चुंबक लागत नाही. कित्येक यंत्रे नकाशाही दाखवतात. पण माथेरानच्या घाटासारख्या झाडीत, कड्याच्या आडोशाला त्याचा आकडा भरकटू शकतो. काही यंत्रे हवेच्या दाबावरून उंची सांगतात. दर आठ-नऊ मीटर चढलं की दाब सुमारे एक मिलिबारने घटतो. हवामान पालटलं तर मात्र जागच्या जागी उंची बदललेली दिसते. म्हणून निघण्यापूर्वी ठाऊक असलेली उंची यंत्रात भरावी. कित्येक रेल्वे स्थानकांच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती कामी येते.

मग घ्यावे कोणते? रोजच्या ओळखीच्या रस्त्याला साधे यंत्र पुरे. त्याची गोल बॅटरी महिनोन् महिने चालते. अनोळखी, लांबच्या वाटेला उपग्रहाचे घ्यावे, पण ते वरचेवर चार्ज करावे लागते. आपल्याकडच्या पावसाचा विचार करून 'आयपीएक्स 7' ही खूण पाहावी. एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची ती कसोटी आहे. आकडे मोठे आणि उन्हातही वाचता येण्याजोगे हवेत.

शेवटी एक हिशेब. ताशी तीस किलोमीटर वेगाने सायकल दोन सेकंदांत सोळा मीटरांहून अधिक पुढे जाते. तेवढा वेळ डोळे आकड्यावर राहिले, तर तेवढा रस्ता आपण न पाहताच ओलांडला. त्यात खड्डा असेल, एखादी म्हैस आडवी येईल किंवा शाळेतून सुटलेलं पोरही. म्हणून उतारावर आणि गावातून जाताना यंत्राकडे पाहू नये. आकडे ते जपून ठेवतेच. घरी पोचल्यावर सावकाश वाचावेत.