सव्वीस आपट्या आणि एक लाल बोंड

‘मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. दुकानदार दाखवतो त्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड आहे, रॅम भरपूर आहे, झाकणावर लोगो चमकतो. भाच्याला कंपनीने दिलेला लॅपटॉप काळा, ठोकळ्यासारखा, रॅम निम्मी आणि किंमत ऐकली तर दीडपट. तरी भाचा म्हणतो, मामा, असलाच घ्या. त्याचं ऐकू का?’ एका वाचकाने विचारलं आहे.

भाच्याचं बरंचसं बरोबर आहे. मात्र असे ‘बिझनेस क्लास’ लॅपटॉप चांगले का, याची जी कारणं सांगितली जातात त्यांतली निम्मी जाहिरातीतून आलेली असतात. खरी कारणं वेगळी आहेत, आणि त्यांतली काही फार गमतीची आहेत.

वेगाचं आधी बाजूला ठेवू. इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर दोन्हीकडे साधारण तोच असतो. उलट त्याच पैशांत घरगुती लॅपटॉप अनेकदा जास्त पळतो. दुकानातल्या कागदी पाटीवर जे आकडे लिहितात, त्यांत काळा ठोकळा हरणारच. बिजागरी किती वर्षं टिकेल, कीबोर्डवर चहा सांडला तर तो कुठून बाहेर पडेल, पाच वर्षांनी पंखा मिळेल का, या गोष्टींना पाटीवर रकानाच नसतो.

मूळ प्रश्न असा की हे यंत्र पसंत कोण करतं? घरगुती लॅपटॉप वापरणाराच तो निवडतो, तेही दुकानात उभ्या उभ्या. ऑफिसचा लॅपटॉप कंपनीचा आयटी विभाग घेतो, एका वेळी शेकड्यांनी किंवा हजारांनी. ज्याच्या मांडीवर तो पुढे बसणार, त्याला कुणी विचारत नाही. आपली एसटी घ्या. दापोडी, हिंगणा किंवा चिकलठाण्याच्या कार्यशाळेत गाडीचा सांगाडा उभा राहताना डोळ्यांपुढे असतो तो डेपोतला मेकॅनिक. प्रवाशाच्या आवडीनिवडीचा नंबर नंतर. पत्रा चेपला तर तेवढाच पत्रा बदलता आला पाहिजे, एका डेपोतला सुटा भाग दुसऱ्या डेपोत चालला पाहिजे. गाडी दिसायला कशी का असेना, रस्त्यात बंद पडून उभी राहिली की महामंडळाचं नुकसान. आयटी विभागाचा हिशेबही नेमका असाच असतो. हजारातले पन्नास लॅपटॉप दुसऱ्या वर्षी बिजागरीत तुटले तर पुढचं कंत्राट दुसऱ्या उत्पादकाला जातं. एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाला असा धाक कधीच घालता येत नाही. बिझनेस लॅपटॉप घेताना आपण खरं तर या धाकाचा फायदा घेत असतो, फुकटात नव्हे, पण घेतो.

म्हणूनच या यंत्रांची दुरुस्ती-पुस्तिका उत्पादक स्वतःच नेटवर ठेवतो. कुठला स्क्रू आधी काढायचा, कुठली वायर नंतर, सगळं चित्रासकट. म्हणूनच एक मॉडेल मध्येच गुपचूप बदलत नाही. इंटेलचा तर यासाठी खास कार्यक्रम आहे: किमान पंधरा महिने किंवा पुढची पिढी येईपर्यंत आतले महत्त्वाचे भाग तेच ठेवण्याचा प्रयत्न करायचा, म्हणजे आयटी विभागाने एकदा तयार केलेली विंडोजची मांडणी सगळ्या यंत्रांवर चालते.

आता धातूकडे येऊ. उघडा लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलायची सवय बहुतेकांना असते. त्या वेळी बूड किंचित पिळवटतं, आतला मदरबोर्ड वाकतो, आणि चिपखालचे डाखाचे बारीक मणी दर वेळी ताण खातात. वर्षा-दोन वर्षांत एखादा मणी तडकतो आणि मशीन ‘कधी चालू, कधी बंद’ करू लागतं. यावर उपाय एकच, सांगाडा ताठ हवा. चांगल्या बिझनेस लॅपटॉपांत मॅग्नेशियमचा मिश्रधातू दिसतो तो यासाठी. वरवर पाहता ही निवड उलटी वाटते. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा मऊ आहे. त्याचा स्थितिस्थापकतेचा गुणांक सुमारे ४५ गिगापास्कल, तर ॲल्युमिनियमचा ७०. पण पत्र्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ॲल्युमिनियमची घनता २.७, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची १.८. म्हणजे तेवढ्याच वजनात दीडपट जाड पत्रा मिळतो, आणि दीडचा घन होतो ३.४. मऊपणाचा तोटा वजा केला तरी पत्रा दुपटीहून अधिक ताठ. शाळेत घन काढायला कंटाळणाऱ्या मुलांना हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

इथपर्यंत विज्ञान आहे. याच्या पुढे सुरू होते ‘मिलिटरी ग्रेड’ची दवंडी.

मिल-एसटीडी-८१० हा अमेरिकी संरक्षण खात्याचा दस्तऐवज १९६२ सालचा. त्याची २०१९ची ‘एच’ आवृत्ती हजारावर पानांची आहे, आणि वाचायला खरोखर मजेदार आहे. धूळ, वाळू, दमटपणा, विरळ हवा, बुरशी, एवढंच काय, तोफा-बंदुकांच्या गोळीबाराने बसणारे हादरे, या सगळ्यांच्या चाचण्या त्यात आहेत. आपटण्याची चाचणी पाहा: माणसाने वाहून न्यायची वस्तू १२२ सेंटिमीटरवरून सव्वीस वेळा पाडायची. सव्वीसच का? कारण ठोकळ्याला सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे असतात. प्रत्येकावर एकेक आपटी. हिशेब इतका देखणा की माझ्यातला गणिताचा विद्यार्थी खूश झाला. मग खालची ओळ वाचली: या सव्वीस आपट्या पाच नमुन्यांत वाटून घ्यायला परवानगी आहे. म्हणजे एकेका लॅपटॉपच्या वाट्याला पाच-सहाच.

तेही एक वेळ चालेल. खरी मेख पुढे आहे. हा दस्तऐवज म्हणजे उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची परीक्षा नव्हेच. वस्तू कुठे वापरली जाणार ते पाहून चाचण्या निवडा आणि त्यांची तीव्रता ठरवा, असंच त्यात बजावलेलं आहे. प्रमाणपत्र देणारी कुठलीही सरकारी संस्था नाही. कंपनीने स्वतः पेपर काढावा, स्वतःच सोडवावा आणि झाकणावर स्टिकर लावावं, असा मामला. हल्ली तर स्वस्त घरगुती लॅपटॉपांवरही हे स्टिकर दिसतं. तेव्हा ‘मिलिटरी ग्रेड’ ऐकलं की दुकानदाराला विचारा: कुठल्या चाचण्या, किती उंचीवरून, मशीन चालू असताना की बंद? तो काही सांगू शकणार नाही, त्याचा बिचाऱ्याचा दोषही नाही. स्टिकर सोडा आणि कीबोर्ड मध्यभागी अंगठ्याने दाबून पाहा. तो गादीसारखा खचत असेल तर सैन्याला मध्ये आणण्याचं कारण नाही.

कीबोर्डाचा विषय निघालाच आहे तर त्याच्या मधोमध, जी, एच आणि बी या कळांच्या बेचक्यात उगवलेल्या लाल बोंडाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. थिंकपॅड लॅपटॉपवर ते १९९२च्या ऑक्टोबरपासून आहे. त्याचा जनक टेड सेल्कर. १९८४च्या सुमारास त्याच्या वाचनात एक निष्कर्ष आला: टाइप करणाऱ्याचा हात कीबोर्डवरून माउसकडे जायला पाऊण सेकंद लागतो आणि परत यायला जवळपास तेवढाच. दुसरा कुणी पान उलटून पुढे गेला असता. दिवसातून चारशे वेळा हात गेला-आला तर दहा मिनिटं नुसत्या ये-जा करण्यात गेली, हे सेल्करला सलत राहिलं. हात हलवायचाच नाही अशी युक्ती त्याला हवी होती.

कळांमध्ये एक काडी रोवणं सोपं होतं. अडचण पुढे आली. ही काडी हलत नाही. तिच्या बुडाशी ताण मोजणारे संवेदक असतात आणि बोटाचा दाब किती, कोणत्या दिशेला, तेवढंच ते सांगतात. मग किती दाबाला पडद्यावरचा बाण किती वेगाने पळवायचा? सरळ प्रमाण ठेवलं तर हळू दाबताना बाण थरथरतो आणि जोरात दाबला की पडद्याबाहेर उडतो. आयबीएममध्ये सेल्कर आणि त्याचा सहकारी जोसेफ रटलेज यांनी माणसांना बसवून, मोजून, दाब आणि वेग यांचा एक आलेख तयार केला. अगदी हलक्या दाबाला बाण ढिम्म. थोड्या दाबाला सावकाश. आणि मग एक पठार, जिथे दाब वाढवला तरी वेग वाढत नाही. हे पठार कुठे ठेवायचं? माणसाचा डोळा हलत्या वस्तूचा पाठलाग जास्तीत जास्त ज्या वेगाने करू शकतो, तिथे. त्याहून वेगाने बाण पळाला तर नजरेतून सुटतो, मग वेग असून उपयोग काय? एका रबरी टोपीच्या आत मानवी डोळ्याची मर्यादा बसवली आहे, हे वापरणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत असेल?

रंगाचा किस्साही सांगून टाकतो. थिंकपॅडचं रूप रिचर्ड सॅपर या मिलानमध्ये राहणाऱ्या जर्मन डिझायनरचं, जपानी बेंटो डब्यावरून सुचलेलं. काळ्या डब्यात एकच लाल ठिपका त्याला हवा होता. पण आयबीएमच्या सुरक्षा नियमांत लाल रंग यंत्र तातडीने बंद करण्याच्या बटणासाठी राखून ठेवलेला! मग कागदोपत्री बोंड ‘मॅजेंटा’ झालं, मंजुरी मिळाली, आणि पुढच्या मॉडेलांत मॅजेंटा हळूहळू लालभडक होत गेला. सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या कुणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल.

आयबीएमने थिंकपॅडचा धंदा २००५ मध्ये लेनोव्होला विकला. बोंड मात्र त्यानंतरही टिकलं. एचपी आणि डेलच्या ऑफिस लॅपटॉपांवरून ते केव्हाच गेलं होतं; २०२५च्या जानेवारीत लेनोव्होने जाहीर केलेल्या थिंकपॅड एक्स९वरही ते नव्हतं. टचपॅड आता इतके चांगले झालेत की बहुतेकांना उणीव भासणार नाही. मला भासते.

बॅटरीबद्दल थोडक्यात. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत, त्यातही उकाड्यात, तासन्‌तास ठेवली की आतले द्रव जास्त वेगाने खराब होतात. ऑफिसात लॅपटॉप दिवसभर चार्जरला टोचलेलाच असतो, म्हणून या यंत्रांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय फार पूर्वीपासून आहे. आता ती घरगुती यंत्रांतही येते. असेल तर वापरा. नागपूरच्या मे महिन्यात तर नक्कीच.

तोटेही सांगायला हवेत. बिझनेस मॉडेलचा सगळ्यात स्वस्त पडदा अनेकदा फिकट आणि अंधूक असतो, कारण कंपनीला एक्सेलच बघायचं असतं. पडद्याचा प्रकार विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. सडपातळ दिसण्याच्या नादात अलीकडच्या अनेक मॉडेलांत रॅम बोर्डवरच डाखलेली असते, म्हणजे ज्या दुरुस्तीसाठी जास्त पैसे मोजायचे तीच गेली. २०२४च्या थिंकपॅड टी१४मध्ये रॅमच्या दोन्ही खोबणी परत आल्या, हे चांगलं झालं.

मग किंमत दीडपट का वाटते? लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. लाखाच्या यंत्रावर नोंदणीकृत कंपनी अठरा हजार भरते आणि इनपुट क्रेडिट म्हणून वळते करून घेते. वर प्राप्तिकरात संगणकावर ४० टक्के दराने घसारा. शिवाय घाऊक सवलत. पगारदार मामांना यातलं काहीच नाही. छापील किंमत ही जणू फक्त त्यांच्यासाठीच छापलेली असते. तुमचा स्वतःचा नोंदणीकृत व्यवसाय असेल तर मात्र बिल त्या नावावर घ्या आणि सीएला दाखवा.

म्हणून माझं उत्तर भाच्यापेक्षा थोडं वेगळं आहे: नवा घेऊ नका, कंपनीतून निवृत्त झालेला घ्या. तीन-चार वर्षांचा भाडेकरार संपला की हे लॅपटॉप गठ्ठ्याने बाहेर पडतात आणि साफसफाई होऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, बंगळुरूच्या एस. पी. रोडवर येतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालते, त्यामुळे त्याआधीच्या यंत्रांचा भाव पडला आहे. लिनक्सची तयारी असेल तर ती उत्तम सौदा आहेत. मुलीच्या कॉलेजचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्रिमितीय डिझाइन किंवा गेम्स हवे असतील तर दुकानदाराचा ग्राफिक्स कार्डवालाच बरा, तिथे काळ्या ठोकळ्याचं काही चालणार नाही.

जुन्या यंत्रात तपासायची मुख्य गोष्ट म्हणजे पूर्वीच्या मालकाची कुलपं. बायॉसला सुपरवायझर पासवर्ड असेल तर बोर्डवरचा सेल काढून तो जात नाही; थिंकपॅडमध्ये अधिकृत इलाज मदरबोर्ड बदलणं हाच. दुसरं कुलूप मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असतं: यंत्राची ओळख जुन्या कंपनीच्या नावावर राहिली असेल, तर विंडोज नव्याने घालून इंटरनेट जोडताच त्या कंपनीचा लॉगिन मागितला जातो. दुकानात विंडोज आधीच घालून ठेवलेलं असतं म्हणून हे दिसत नाही. तेव्हा पैसे देण्याआधी समोर बायॉस उघडायला लावा, विंडोज रिसेट करायला लावा, आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि पहिला पडदा काय विचारतो ते पाहा. अर्धा-पाऊण तास जाईल, दुकानदार कुरकुरेल. मग पक्कं बिल घ्या, त्यावर अनुक्रमांक लिहून घ्या, आणि तो यंत्राच्या बुडाशी आणि बायॉसमध्ये आहे तोच आहे ना, हे तिथेच ताडून पाहा.